मागच्या ब्रेकचा दिवा

गेल्या डिसेंबरमध्ये, एका सोमवारी सकाळी, चोरखमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांची मोटारसायकल मागचे चाक जाम होऊन आडवी झाली. वडिलांच्या डाव्या कोपराचे कातडे सोलले आणि नडगीला मुका मार लागला. हाड मोडले नाही. डोक्याला मफलर होता, हेल्मेट नव्हते. डोके जमिनीला लागले नाही.

पडण्याआधी काय घडले हे पाहणारा माणूस एकच होता. आमच्या शेजारी राहणारे निवृत्त गुरुजी आपल्या स्कूटरने वडिलांच्या मागोमाग चालले होते. दोघांचीही वावरे त्याच रस्त्याला आहेत. बातमी कळल्यावर मी गोंदियाहून दुपारच्या आत गावी पोचलो, तेव्हा गुरुजी आमच्या ओसरीवर बसले होते आणि आलेल्या प्रत्येकाला तेच सांगत होते.

"गावाच्या बाहेर शेळ्या आडव्या आल्या. यांनं ब्रेक मारला. मागचा लाल दिवा लागला, तो लागलाच. शेळ्या गेल्या, दिवा नाई गेला. मी हॉर्न मारून राहिलो, हा गडी आपल्या तालात. मंग जळल्याचा वास आला, अन् चाक बसला."

"म्हणजे पाय ब्रेकवरच होता," मी विचारले.

"दिवा आपोआप लागते का, बाबू?"

वडील खाटेवर बसून होते. कोपराला पट्टी होती. ते म्हणाले, "पाय नोता माजा."

"मंग कोनाचा होता?" आईने आतून विचारले.



गाडी साडेतीनशे सीसीची, लोखंडी टाकीची, वयाने माझ्याहून थोडी लहान. वडील पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते, तेव्हा त्यांनी ती घेतली. खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली; गाडी राहिली. मूळ गाडीला मागे ड्रम ब्रेक होता. तो झिजला आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा नागपूरच्या एका कारागिराने मागच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवून दिला. पॅडल मात्र जुनेच ठेवले. पॅडल दाबले की नळीतले ऑइल पुढे सरकते, ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला धरतात आणि त्याच वेळी मागचा लाल दिवा लागतो. पॅडल सोडले की दिवा विझतो. पॅडल थोडे जरी दाबलेले राहिले तरी पॅड डिस्कला घासत राहतात, ऑइल तापून फुगते, त्याला मागे यायला वाट मिळत नाही आणि चाक हळूहळू आवळले जाते. शेवटी ते फिरायचेच थांबते. सोमवारी जे झाले ते हेच होते, यावर सगळ्यांचे एकमत होते. प्रश्न एवढाच होता, की पॅडल दाबून कोणी ठेवले.

वडिलांना बारा-पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि त्यात पायांची जाणीव कमी होत जाते. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ते वावरातून घरी आले, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, चिखलात राहिली होती आणि त्यांना घराच्या दारापर्यंत ते कळले नव्हते. तेव्हा घरात त्यावर हसणे झाले होते. सोमवारी त्या चपलेची गोष्ट पुन्हा निघाली.

"ज्या मानसाले चप्पल गेल्याचा समजत नाई, त्याले ब्रेक दाबल्याचा कसा समजंल?" आई म्हणाली. "चाबी घे तू. गोंदियाले घेऊन जाय."

"चप्पल वेगळी, ब्रेक वेगळा," वडील म्हणाले.

"पाय एकच हाय ना पन."

वावर घरापासून चार-पाच किलोमीटरवर आहे. त्या रस्त्याला बस नाही. धान निघाल्यावर बांध्यांत लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचे पीक, उगवलेली असते आणि वडील रोज सकाळी ती पाहून, कालव्याच्या पुलाजवळच्या टपरीवर चहा पिऊन परत येतात. गाडी गेली असती तर हे सगळे गेले असते, किंवा कोणी नेईल तेव्हा झाले असते. मी चावी खिशात टाकली, तेव्हा त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिले आणि गुरुजींना विचारले, "तुमची लाखोळी कशी हाय?"

पडलेली गाडी लोकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून घरी आणली होती. उचलताना मागचे चाक हलत नव्हते, असे उचलणाऱ्यांनी सांगितले. दुपारी मी तिरोड्याला नेण्यासाठी ती अंगणात मधल्या स्टँडवर घेतली, तेव्हा चाक हाताने सहज फिरले. पॅडल दाबले, सोडले. ते वर आले. दिवा लागला आणि विझला. गाडीच्या बाजूने पाहता हे बरे होते. वडिलांच्या बाजूने पाहता वाईट होते.

तिरोड्याच्या मिस्त्रीने मागचा ब्रेक पूर्ण उघडला. कॅलिपर, म्हणजे डिस्कला धरणारा चिमटा, त्याने धुऊन काढला. आतली रबरे बदलली, जळालेले पॅड बदलले, नवे ऑइल भरले आणि नळीतली हवा काढली. ऑइल तापून काळे पडले होते, एवढेच त्याला सापडले.

"गाडी में कुछ नही है, भाऊ," तो म्हणाला. "एकदम मख्खन. चलाता कौन है?"

"वडील."

"उमर?"

मी सांगितली. त्याने चाक पुन्हा एकदा फिरवून दाखवले आणि हात पुसले. "फिर तो समझ लो."

परत येताना मी गाडी स्वतः चालवली. ऊन होते. मुद्दाम बऱ्याच वेळा ब्रेक मारला. चाक एकदाही अडकले नाही. वडील अंगणाच्या तोंडाशी उभे होते. गाडीचा आवाज त्यांना लांबूनच ओळखू येतो.

"काय मनला मिस्त्री?"

"गाडीत काही दोष नाही म्हणतो."

"हं," वडील म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तिरोड्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला वेगवेगळ्या ठिकाणी बारीक तार टेकवली. अंगठ्याच्या टोकाशी त्यांना दोनदा काही कळले नाही. तळव्याचा बाकी भाग आणि टाच यांचे उत्तर बरोबर आले. डॉक्टरांचे म्हणणे असे, की पायाखाली काय आहे ते त्यांना कळते, पण बोटांचा भरवसा कमी झाला आहे. गाडी चालवू नये असे या एका तपासणीवरून ते लिहून देणार नाहीत आणि चालवावी असेही नाही. वडिलांनी बाहेर येऊन चपला घातल्या, दोन्ही पायांकडे पाहिले आणि म्हणाले, "हाय दोनी."

त्या आठवड्यात थंडी वाढली. सकाळी अंगणात शेकोटी पेटत होती आणि ऊन चढेपर्यंत कोणी तिच्यापासून हलत नव्हते. मी रजा वाढवून घेतली होती. वडिलांना मी माझ्या गाडीवर मागे बसवून वावरात नेले, तेही एकदाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाखोळीचे काय पाहायचे, ती उगवतच असते, असे सांगून यायचे टाळले. ते टपरीवरही गेले नाहीत. टपरीवाल्याने गुरुजींजवळ विचारणा केली.

गुरुवारी संध्याकाळी वडिलांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"रोज सकारी एकदा चालू करत जाय. उभी राहिली का ब्याटरी बसते तिची."

"मी गेल्यावर कोण करेल?"

"आता तर तू हाय ना."

शुक्रवारी सकाळी मी गाडी पडवीतून बाहेर काढली. पडवीपासून अंगणात उतार आहे, त्यामुळे उतरवताना गाडी धरून ठेवायला ब्रेक पायाने दाबावा लागतो. तसा दाबला, गाडी अंगणात आणली, मधल्या स्टँडवर चढवली, चावी फिरवली आणि किक मारली. गाडी सुरू झाली. मी शेकोटीजवळ गेलो आणि हात शेकू लागलो. वडील तिथेच घोंगडी घेऊन बसले होते. आई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला शेण टाकून परत येत होती. ती गाडीच्या मागे थांबली.

"हा लाल दिवा काऊन जळून राहिला?"

"ब्रेकचा असेल," मी म्हणालो.

"ब्रेकचाच हाय. दाबून कोन राहिला?"

मी माझ्या पायांकडे पाहिले. ते शेकोटीजवळ होते. वडिलांचे घोंगडीत होते. गाडीवर कोणी नव्हते.

वडील उठले. त्यांना खाली बसवत मी गाडीजवळ गेलो. दिवा लागलेला होता. पॅडल जिथे असायला हवे होते त्याहून अंगठ्याच्या जाडीएवढे खाली होते. मी मागचे चाक हाताने फिरवून पाहिले. फिरले, पण कोणीतरी धरल्यासारखे, घासत. चपलेच्या टोकाने पॅडल खालून उचलले. ते वर गेले आणि दिवा विझला. चाक मोकळे झाले. पुन्हा दाबले, पाय काढला. पॅडल खालीच राहिले. दिवा लागलेलाच राहिला.

"पाह्यलं?" वडील म्हणाले.

आई पॅडलकडे पाहत होती.

मी गाडी बंद करून ती तशीच तिथे उभी ठेवली. दहाच्या सुमारास अंगणात ऊन आले. टाकी कोमट झाल्यावर मी पुन्हा पॅडल दाबले. या वेळी ते उडी मारून वर आले. दुपारी तर खटका वाजावा तसे येत होते. तिरोड्याच्या मिस्त्रीने पाहिलेली गाडी ही होती. सोमवारी सकाळी पडलेली गाडी दुसरी होती.

एकदा पाहिल्यावर मी थांबायला तयार नव्हतो. शनिवारी सकाळी, ऊन निघायच्या आत, मी गुरुजींना बोलावले. ते कानटोपी घालून आले.

"गाडीच्या मागे उभे राहा आणि दिवा पाहा," मी म्हणालो.

"परीक्षा माजी हाय का गाडीची?"

"दोघांची."

मी पॅडल हाताने दाबले आणि दोन्ही हात वर केले. गुरुजी मागे उभे होते. ते गाडीला वळसा घालून पुढे आले, पॅडल पाहिले, पुन्हा मागे गेले.

"लागूनच हाय," ते म्हणाले. मग वडिलांकडे वळले. "भाऊ, मी जे पाह्यलो तेच सांगतलो होतो."

"तुमी बरोबरच सांगतले," वडील म्हणाले. "दिवा लागूनच होता. पाय नोता."

पॅडल ज्या लोखंडी दांड्यावर फिरते, तो दांडा फूटरेस्टच्या मागे, चौकटीत बसवलेला असतो. बाहेरून त्याचे फक्त टोक दिसते. ब्रेक जाम झाला की सगळे चाकाकडे पाहतात. या टोकाकडे कोणी पाहत नाही. मी त्याची पिन काढली आणि पॅडल ओढले. ते सुटेना. गुरुजींनी चौकट धरली, मी पिळत पिळत ओढले, तेव्हा ते बाहेर आले. दांड्यावर पिवळट पांढऱ्या रंगाचा थर होता. गाडीचे ग्रीस काळे किंवा तांबूस असते. हे तसे नव्हते. नखाने खरवडले तर मेणासारखी चकती निघाली. बोटावर धरून ठेवली तर ती वितळून तेल झाली.

मी ते बोट आईपुढे धरले. तिने वास घेतला.

"टोरीचा हाय हा," ती म्हणाली.

टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. तिचे तेल आमच्याकडे वर्षभर लागते. सालेकशाची मावशी दरवर्षी एक बाटली पाठवते. उन्हाळ्यात ते पाण्यासारखे पातळ असते. थंडी पडली की बाटलीतच तुपासारखे थिजते आणि वापरण्याआधी चुलीजवळ ठेवावे लागते. त्या वेळीही बाटली चुलीच्या कडेला होती. आई दर हिवाळ्यात सकाळी ते कोमट करून वडिलांच्या तळव्यांना चोळते.

आम्ही तिघांनी वडिलांकडे पाहिले.

"दिवाळीच्या अगोदर लावलो होतो," वडील म्हणाले. "किरकिर करून राहिला होता पॅडल. चांगला अर्धी वाटी सोडलो. मंग आवाज बंद झाला."

"बाबा, गाडीला टोरीचं तेल?"

"काऊन? बैलबंडीच्या आसाले लावत होतो, मोटेच्या चाकाले लावत होतो. दरवाज्याले आताही लावतो. कधी अडला का?"

दिवाळीच्या सुमारास दिवस गरम होते आणि तेल पातळ होते, म्हणून पॅडल गुपचूप फिरले. डिसेंबरची थंडी आली तशी सकाळी ते दांड्यावर थिजू लागले. पॅडल खाली जाई, कारण ते पायाच्या जोराने जाते. वर येताना त्याला फक्त एका जुन्या स्प्रिंगचा जोर असतो आणि थिजलेल्या तेलापुढे तो पुरत नव्हता. ऊन चढले की तेल पातळ होई आणि दोष नाहीसा होई. बंडीचे आस आणि दाराची बिजागरी यांना परत वर यायचे नसते.

आईने पॅडलकडे आणि मग वडिलांच्या पायांकडे पाहिले.

"गाडीचे तळवे दुखून राहिले होते का, तिलेही चोळून देल्ले ते?"

गुरुजी आधी हसले. मग आई. वडील सर्वांत शेवटी हसले आणि हसताना दुखऱ्या कोपराला दुसऱ्या हाताने धरून बसले. ती दोन-तीन मिनिटे अंगणात दुसरे काही चालले नव्हते.

"अन् मले सांगतलं काऊन नाई, तेल लावलं मनून?" आईने विचारले.

"त्यात सांगाचा काय हाय? तू पोयीवर तूप लावते त सांगते का?"

उरलेले काम सरळ होते. दांडा आणि ज्या नळीत तो बसतो ती नळी मी पेट्रोलने धुतली. नळीत तेलाचा जुना थर चिकट डिंकासारखा बसला होता. काडीला फडके गुंडाळून तो काढावा लागला. दांड्यावर दोन ठिकाणी गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला. गुरुजी तिरोड्याहून ग्रीसचा डबा आणि नवी स्प्रिंग घेऊन आले. सोबत त्यांनी एक हेल्मेटही आणले. ते आईने त्यांना परस्पर सांगितले होते. ग्रीस लावून पॅडल बसवले, स्प्रिंग बदलली, आणि पॅडल पूर्ण वर आल्यावर त्याच्या आणि ऑइलच्या दट्ट्याच्या मध्ये थोडी मोकळीक राहील असा नट बसवला. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते. ग्रीस लावताना ते म्हणाले, "थोडासाच लाव. बाहेर येते तो." त्यावर आईने त्यांच्याकडे पाहिले.

त्या दिवशी कोणी गाडी चालवली नाही. दोष सकाळचा होता, तेव्हा तपासणीही सकाळचीच हवी होती. गाडी रात्रभर अंगणातच, उघड्यावर ठेवली.

रविवारी सकाळी सीटवर दव होते. शेकोटीजवळ बसलेल्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मी पॅडल दाबले आणि सोडले. ते वर आले. गुरुजी मागे उभे होते, त्यांनी हात हलवला: दिवा विझला. पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. तेच झाले. आई म्हणाली, "मी करते." तिने वाकून हाताने पॅडल दाबले, सोडले, मग मागे जाऊन दिवा पाहिला, पुन्हा पुढे येऊन दाबले. असे तिने समाधान होईपर्यंत केले.

मग तिने माझ्यापुढे हात केला. मी खिशातली चावी तिच्या हातावर ठेवली. तिने ती वडिलांना दिली.

"टोप घाला पहिले," ती म्हणाली. "अन् चप्पल नाई, बूट. लेस बांधाचे."

"वावरात बूट?"

"वावरात काढा. अन् दर तीन महिन्यानं पाय दाखवाले जाचं. नाई त चाबी माज्याजवळ."

वडिलांनी बूट घातले. लेस मी बांधल्या, कारण कोपर वाकत नव्हते. एका हाताचे दुखणे असताना जाऊ नये, असे मी सांगितले. दोन दिवस थांबले तरी लाखोळी कुठे जात नाही. त्यांनी ते मानले. म्हणून ते गेले मंगळवारी. मी सोमवारी संध्याकाळीच गोंदियाला परतलो होतो, त्यामुळे ते निघाले तेव्हा मी तिथे नव्हतो. पुढचे गुरुजींनी फोनवर सांगितले.

ऊन निघायच्या आत वडील निघाले. डोक्यावर हेल्मेट होते, पायात बूट होते. गुरुजी स्कूटरवर मागे होते. गावाबाहेर शेळ्या नव्हत्या. कालव्याच्या पुलाजवळच्या वळणावर दिवा एकदा लागला आणि विझला. वडील टपरीवर थांबले, तेव्हा तो पुन्हा लागला आणि विझला. गुरुजींनी उतरून मागच्या डिस्कला बोट लावून पाहिले. ती थंड होती.